मेट्टोचं नाव

मका कोठीत पडला की किप्कारेन नदीच्या त्या उतारावर दोन महिने माणसाला हाताशी काम नसतं. त्या साली मात्र होतं. ओढ्याच्या काठाला चिखल तुडवून विटा पाडायचं काम निघालं होतं. अलीकडचे लुह्या जमातीचे आणि पलीकडचे नंदी जमातीचे लोक एकाच चिखलात गुडघ्याएवढे उभे राहून विटा पाडत होते. सहा वर्षांमागं निवडणुकीनंतर याच माणसांनी एकमेकांची घरं पेटवली होती. आता तीच घरं मिळून बांधायची, असं ठरलं होतं.

ठरवलं होतं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेनं. दरसाल ही संस्था एक टेकडी हाती घ्यायची. वर्षभर तिथं राबायचं, भांडणाऱ्यांना एका झाडाखाली बसवायचं, जळालेली घरं उभी करायची, आणि वर्ष सरलं की मोठा मेळा भरवायचा. त्या साली पाळी या टेकडीची होती. अलीकडची निम्मीअधिक घरं क्वेकरच होती, कागेहाचंही. शपथ घ्यायची नाही, खोटं बोलायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही, हे सासूनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या कानात घातलं होतं.

कागेहा चाळिशीची, हाडापेरानं दणकट. नवरा आसावा मुंबासाच्या गोदीत पोती वाहून पाठ मोडून घरी आलेला. त्याला वाकता येत नव्हतं, ओझं उचलता येत नव्हतं. दिवसभर तो दाराशी खुर्चीवर बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारायचा. रान, शेण, पाणी, पोर, सगळं कागेहाच्या अंगावर. घरावरचे पत्रे मात्र नवे होते. ते संस्थेनं दिले होते, म्हणजे खरं तर दिरानं मिळवून दिले होते. धाकटा दीर ओंबिमा या टेकडीवरच्या कामाचा मुख्य होता. शिकलेला, गोड जिभेचा. मोटारसायकलवरून यायचा आणि आल्या आल्या बूट काढून चिखलात उतरायचा. लोकांना त्याचं फार कौतुक.

दुपारी ऊन चढलं की काम थांबायचं आणि अंजिराच्या झाडाखाली सगळे गोल करून बसायचे. आधी घटकाभर कुणी बोलायचं नाही. मग ओंबिमा म्हणायचा, "इथलं इथंच. जे इथं बोललं जाईल ते या झाडाबाहेर जाणार नाही. कबूल?" सगळे म्हणायचे, "कबूल." मग कुणाला वाटेल तो बोलायचा.

कागेहा बरेच दिवस बोलली नाही. चिखलाचे हात झग्याला पुसत ऐकत राहायची. पलीकडच्या एका बाईनं आपला पोरगा कसा गेला ते सांगितलं, तेव्हा तिनं मान खाली घातली. पोराला मारणारे अलीकडचेच होते. मग एके दिवशी अलीकडचा एक म्हातारा तावातावानं म्हणाला, "विटा पाडतो, घरं बांधतो, समदं करतो. पर एक सांगतो, त्या लोकांत एकबी माणूस न्हाई. एकबी!"

समोर पलीकडची दहा-बारा माणसं बसली होती. त्यांच्याआधी कागेहाच्याच अंगाचा भडका उडाला.

"हाय," ती म्हणाली. "एक तरी हाय. मी जिती हाय न्हवं?"

आणि मग तिनं सांगितलं. घर पेटलं तेव्हा नवरा मुंबासाला होता. ती तान्ह्या इमालीला उराशी धरून ओढ्यात उतरली, आणि वर चढली ती पलीकडच्या काठाला, वाट चुकून, ज्यांना भिऊन पळत होती त्यांच्याच दारात. त्या माणसानं तिला बघितलं. काही विचारलं नाही. वासरांच्या कोंडवाड्यात ढकललं, अंगावर गवत टाकलं. पाठोपाठ धनुष्यबाण घेतलेली पोरं अंगणात आली. त्यांना त्यानं बसवलं, तुंब्यातलं आंबट दूध पाजलं. "इकडं कुणी आलं न्हाई," म्हणाला. पोरं दूध पीत होती आणि गवताखाली कागेहानं इमालीचं तोंड असं दाबून धरलं होतं, की पोर काळीनिळी पडली.

"कितीक दिवस तिथं व्हते, मला उमगलं न्हाई," ती म्हणाली. "एवढंच ठावं, की मानूस व्हता."

नाव तिनं घेतलं नाही. निघताना त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती: "ही गोष्ट जिभेवर आणू नगंस. तू जाशील. मला यांच्यातच ऱ्हायचं हाय."

त्या तापट म्हाताऱ्यानं डोळे पुसले. संध्याकाळी विटांवर पालापाचोळा झाकताना ओंबिमा तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, कोण गं तो माणूस?"

"नगं भावोजी. शबूद दिलाय."

"मी काय परका आहे? तुझ्या घरच्या माणसाचा जीव ज्यानं वाचवला, त्याच्या पाया पडायचंय मला. इथलं इथंच राहील."

इमाली त्याची पुतणी होती. पुतणीला त्यानं पत्र्याखाली झोपवलं होतं. कागेहानं इकडंतिकडं बघितलं आणि नाव सांगितलं.

"मेट्टो? ओढ्यापलीकडचा अराप मेट्टो?" ओंबिमानं कपाळाला हात लावला. "आणि मी रोज त्याच्या दारावरून जातो!"

*

मेळा भरला तो फेब्रुवारी सरता सरता. शाळेच्या पटांगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, कर्णे. सुती झग्यांतल्या बायका रांगेनं नाचत आल्या. दूरदेशीहून ईडिथबाई म्हणून एक म्हातारी क्वेकरीण आली होती, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायात पुरुषी बूट. लोकांना ती आवडली. मांडवात खुर्ची सोडून ती बायकांबरोबर गवतावर बसली, आणि हातानं मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खाल्ली.

मेट्टो आला होता. साठीचा, उंच, काटक, डोक्यावर जुनी फेल्टची टोपी. आपल्या वयाच्या चौघांबरोबर मागच्या बाकावर बसून तो तपकीर ओढत होता. सुंता एका साली झालेले ते पाच जण. नंदी माणसाला सख्ख्या भावापेक्षा असा जोडीदार मोठा. कागेहाला त्यानं बघितलं तेव्हा नेहमीसारखी नुसती टोपी हलवली.

दोघांचा व्यवहार साधा होता. पेरणीआधी मेट्टोचे बैल तिचं रान नांगरायचे, आणि मका गुडघ्याला आला की ती त्याच्या रानाची भांगलण करून द्यायची. लोकांना वाटायचं, शेजारधर्म.

ओंबिमा बोलायला उभा राहिला. किती घरं उभी राहिली, किती भांडणं मिटली, ते त्यानं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो थांबला. झाडाखाली थांबायचा तसाच, डोळे मिटून. आणि म्हणाला, "आता मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगतो."

पहिल्या दोन वाक्यांतच कागेहानं गोष्ट ओळखली. ती अर्धवट उठली. शेजारणीनं ओढून बसवलं, "बस की गं, मागल्यांना दिसंना!" कर्ण्यातून तिचा ओढा, तिचं गवत, तिच्या पोरीचं काळंनिळं तोंड सगळ्या पटांगणावर पसरत गेलं. बायका चक्‌चक् करू लागल्या. ईडिथबाईच्या कानाशी एक पोरगी इंग्रजीतून सांगत होती, आणि म्हातारीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"तो माणूस आज इथं बसलाय," ओंबिमाचा आवाज भरून आला. "अराप मेट्टो! बाबा, उभे राहा. लोकांना तुमचं तोंड बघू द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेट्टो उठला. टोपी काढून त्यानं हातात धरली. बाकावरचे चौघे वर मान करून त्याच्याकडं बघत होते. त्यांतल्या एकाचा पोरगा त्या दिवशी अंगणात दूध प्यायला होता. फोटोवाला पुढं धावला. मेट्टोनं व्यासपीठाकडं बघितलंच नाही. माणसांच्या डोक्यांवरून त्यानं कागेहाला शोधलं, एकदा बघितलं, आणि टोपी घालून पटांगणाबाहेर निघून गेला. बाकावरचे चौघे एकमेकांकडं सरकून बसले आणि त्याची जागा भरून गेली.

"लाजला बघा म्हातारा!" कुणीतरी म्हणालं, आणि लोक प्रेमानं हसले.

*

मार्च लागला. ढगांची दाटी होऊ लागली. जो तो पेरणीच्या घाईला आला. मेट्टोचे बैल काही येईनात.

कागेहा ओढा ओलांडून गेली. मेट्टोची बायको जेरोनो दाराशी तुंबा धूत होती. एरवी कागेहा दिसली की ती आतून चहाचा पेला घेऊनच यायची. आज ती उठली नाही.

"बैलांचं इचाराया आले," कागेहा म्हणाली.

"बैल मोकळं न्हाईत."

बैल तिच्या पाठीमागंच कुंपणाशी उभे होते. रवंथ करत होते. दोघींनी बैलांकडं बघितलं नाही.

"वैनी, मी सांगितलं न्हाई गं... म्हंजी, सांगितलं, पर असं न्हाई."

जेरोनोनं तुंब्यात राखुंडी घालून काठी फिरवली. "आमचं दूध संघवाला घेईना झालाय. पोरगा गाडी घेऊन येतो, दारावरनं जातो. कॅन तसाच ऱ्हातो. काल समदं वासरास्नी पाजलं. वासरं हगून हगून बेजार." तिनं तुंबा उपडा केला. "जा तू आता. कुणी बघंल."

मेट्टो कुंपणापलीकडं खांब रोवत होता. पहारीचा आवाज थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी कागेहानं कुदळ घेतली. वाळलेली जमीन दगडासारखी. कुदळ टणकन उलटून यायची आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले, फुटले, दांडा चिकट झाला. तिनं फडकं गुंडाळलं आणि पुन्हा खणायला लागली. इमाली मागून ढेकळं फोडत होती. दाराशी खुर्चीवरून आसावा सांगत होता, "खोल घे. वरवर खांडू नगंस."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बातमी आली. मेट्टोच्या दुभत्या गाईच्या मागच्या पायाची शीर कुणीतरी चऱ्हाटासारखी कापली होती. गाय कोंडवाड्यात बसून होती, उठत नव्हती.

संध्याकाळी ओंबिमा आला तेव्हा कागेहा कुदळीचा दांडा ठोकत होती. तिनं त्याला खुर्ची दिली नाही.

"भावोजी, इथलं इथंच म्हनला व्हता."

"वहिनी, ऐक. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी मांडवात किती माणसं रडली, बघितलंस ना? पलीकडचीसुद्धा रडली. एका माणसाच्या गोष्टीनं शंभर माणसं सुधारतात."

"तो एक मानूस त्येचं काय?"

"त्याच्यासाठी आपण बैठक घेऊ. त्याचे जोडीदार बोलवू, समोरासमोर बसवू. तू पुन्हा एकदा नीट सांग..."

"पुन्यांदा?" कागेहानं दांडा खाली टाकला. "तुमास्नी लाज हाय का? मी तुमच्या पुतनीचं तोंड दाबून धरलं, ते तुमी कर्न्यातनं सांगितलं. पोरगी शाळंत जाती. पोरं तिला इचारत्यात, तू मेली व्हतीस का म्हनून!"

ओंबिमाचं तोंड उतरलं. तो आसावाकडं वळला. "दादा, तू तरी सांग."

आसावानं पाठ चोळली, वर पत्र्यांकडं बघितलं. "जाऊ दे की," तो बायकोला म्हणाला. "त्येनं काय चोरी केली? चांगलंच सांगितलं न्हवं त्या मानसाचं? चांगलं सांगितल्यालं त्येला सोसंना, तर आपुन काय करावं. घरातलं मानूस हाय ओंबिमा. त्येच्याशी भांडून कुठं जायचं?"

कागेहा दिराला रागानं बोलली होती. नवऱ्याला काहीच बोलली नाही. चुलीपुढं जाऊन बसली आणि त्या संध्याकाळची उगाली करपली.

*

ईडिथबाई देशी परतायच्या आधी घराघरांतून निरोप घेत फिरत होती. पांढरी गाडी कागेहाच्या रानाशी थांबली. म्हातारी ढेकळांतून धडपडत आली, कागेहाचे गुंडाळलेले हात बघून कळवळली आणि ते आपल्या हातात घेतले. बरोबर ओंबिमा होता.

कागेहानं मनाशी ठरवलं, हिला सांगावं. ही लबाड बाई नाही. ती ओंबिमाला म्हणाली, "मी सांगते तसंच्या तसं सांगा. म्हनावं, तुमच्या मेळ्यात ज्या मानसाचं नाव घेतलं, त्येच्या गाईचा पाय कापला. त्येचं दूध कुनी घेईना. म्हनावं, तुमी शबूद मोडला, म्हनून झालं. हे तुमी निस्तरा."

ओंबिमा इंग्रजीतून बोलू लागला. बराच वेळ बोलला. कागेहा म्हातारीच्या तोंडाकडं बघत राहिली. ते तोंड आधी गंभीर झालं, मग हळूहळू उजळलं. म्हातारीनं मान डोलवली, तिचे हात घट्ट दाबले आणि हसली. डोळ्यांत पाणी आणून हसली.

गाईचा पाय कापला हे ऐकून कुणी असं हसत नाही.

"काय सांगितलंत तिला?"

"तेच. थोडं मऊ करून." ओंबिमा तिच्याकडं बघत नव्हता. "पाहुणी आहे, वहिनी. उद्या जाणार."

कागेहानं म्हातारीचं मनगट धरलं आणि चालायला लागली. म्हातारी आधी गोंधळली, मग तिच्याबरोबर निघाली. ओंबिमा मागून हाका मारत होता, "वहिनी! वहिनी, थांब!" ओढ्यातल्या दगडांवरून तिनं म्हातारीला हात देऊन नेलं, चढ चढवला, आणि थेट मेट्टोच्या कोंडवाड्याशी उभं केलं.

गाय एका कुशीवर पडली होती. मागच्या पायाला राखेचा लेप होता, लेपावर माश्या. डोळ्यांतून पाण्याची रेघ खाली आली होती. कागेहानं बोट दाखवलं. म्हातारीनं तोंडावर हात घेतला.

मेट्टो आतच होता. गाईच्या पोटाखाली गवत सारत होता. तो उठला. आधी गोऱ्या बाईकडं बघितलं, मग मागून धापा टाकत आलेल्या ओंबिमाकडं, मग कुंपणापलीकडं. रस्त्यावर दोन पोरं सायकली थांबवून बघत होती. गोरी पाहुणी दारात उभी राहिल्यावर कोण बघणार नाही?

त्यानं टोपी काढली. हाताचं शेण गवताला पुसून म्हातारीपुढं हात केला. म्हातारी काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. ओंबिमानं विचारलं, "बाई विचारतात, गाईला काय झालं? कुणी केलं?"

"तारेत अडकली," मेट्टो मोठ्यानं म्हणाला. रस्त्यावरच्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "काटेरी तारेत पाय गेला. कुनी काय केलं न्हाई."

हे मात्र ओंबिमानं जसंच्या तसं सांगितलं. म्हातारीनं सुस्कारा सोडला. गाईच्या कपाळावरून हात फिरवला.

"बाबा!" कागेहाचा आवाज फुटला. "खरं सांगा की! म्या तिला त्येच्यासाठीच आनली!"

मेट्टो तिच्याजवळ आला. आवाज खाली आणून, आपल्या बायकोशी बोलावं तसा म्हणाला, "माझ्या मानसांपास्नं तुला लपवली. तुझ्या मानसांपास्नं मला लपाया लागंल, हे मला ठावं न्हवतं. आता घेऊन जा हिला. आन् ह्या दारात परत येऊ नगंस."

त्यानं कोंडवाड्याचं फाटक ओढलं आणि आतून आडणा घातला.

ओढा उतरताना म्हातारी तिच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलत होती. ओंबिमानं ते कोरड्या आवाजात सांगितलं, "गाय बरी होईल, म्हणतात." कागेहानं ऐकलं आणि पुढं झाली.

*

गाय कापून खाल्ली गेली. मका वीतभर आला तेव्हा मेट्टोनं रान बटईनं दिलं, बैल विकले आणि जेरोनोला घेऊन तो लांब वर, थंड डोंगरात, मुलीच्या गावी राहायला गेला. जाताना ओढ्याच्या अलीकडं कुणाला भेटला नाही. कागेहानं ट्रकचा आवाज ऐकला तेव्हा ती भांगलत होती. पळत काठापर्यंत गेली. ट्रकच्या मागं जेरोनो कोंबड्यांच्या पाटीवर बसली होती. तिनं बघितलं, पण हात वर केला नाही.

कागेहा रविवारी प्रार्थनाघरात जाईनाशी झाली. कुणी विचारलं, तर पाठ दुखते म्हणायची.

पुढच्या साली संस्थेनं नदीपलीकडची टेकडी घेतली. विटा, झाड, मांडव, सगळं तिकडं गेलं. एके दिवशी सकाळी ओंबिमा गाडी घेऊन आला. अंगानं भरला होता. रानाच्या बांधावर उभा राहून म्हणाला, "वहिनी, तिकडची माणसं अजून एकमेकांच्या सावलीला उभी राहत नाहीत. तू आलीस, दोन शब्द बोललीस, तर फरक पडेल. नाव घेऊ नको कुणाचं. नुसती गोष्ट सांग तुझी."

कागेहा ढेकळं फोडत होती. थांबली नाही.

"माझी न्हाई ती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्येची व्हती. मेट्टोची. त्येनं मला ठेवाया दिली व्हती."

ओंबिमा परतायला वळला, तोच दाराशी खुर्ची सरकली. आसावा उठला होता. आत गेला तो धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून बाहेर आला.

"मी येतो," तो म्हणाला. "मलाबी ठावं हाय की समदं. घरातल्याच मानसाची गोष्ट. चल."

ओंबिमानं एकदा वहिनीकडं बघितलं. मग गाडीचं दार उघडलं. आसावा एका हातानं कंबर धरून, कण्हत, सावकाश आत बसला. खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर तजेला आला होता. गाडी सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि थांबली. त्यानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"अगं ए," त्यानं रानाकडं हाक मारली, "त्या दिवशी ऊन व्हतं का आभाळ? कुनी इचारलं तर सांगाया पायजे."

कागेहानं कुदळ उचलली आणि खाली हाणली. गाडी जरा वेळ तशीच घरघरत थांबली, आणि मग निघून गेली.